आतून उघडलेली खिडकी

१९५८ च्या मे महिन्यात लंडनच्या हेमार्केट भागातल्या गॉमाँट चित्रपटगृहात ‘ड्रॅक्युला’ झळकला. लांबी ८२ मिनिटे, खर्च सुमारे ८१ हजार पौंड, दिग्दर्शक टेरेन्स फिशर. निर्मिती ‘हॅमर’ या छोट्या कंपनीची होती आणि तिचे नाव निघाले की त्या काळचे प्रतिष्ठित समीक्षक नाक मुरडत. काही ब्रिटिश वृत्तपत्रांनी चित्रपट किळसवाणा ठरवला, प्रेक्षकांनी मात्र तो उचलून धरला. इथपर्यंतची कथा अनेक गल्लाभरू चित्रपटांची असते. विचार करायला लावते ती त्यानंतरची. या चित्रपटातले रक्त आज कुणाचा थरकाप उडवत नाही, त्यातल्या युक्त्या आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. तरीही २००७ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्याची प्रत निगुतीने दुरुस्त करून पुन्हा पडद्यावर आणली, आणि टोकियोच्या संग्रहात सापडलेले काही सेकंदांचे तुकडे जोडून २०१२ मध्ये आणखी एक प्रत तयार झाली. भीती दाखवण्यासाठी काढलेला चित्रपट त्यातली भीती ओसरल्यावरही लोक का पाहतात? माझे उत्तर असे आहे: या चित्रपटाने दुष्टाव्याला दूरदेशीच्या किल्ल्यातून काढून सभ्य घराच्या तळघरात आणून ठेवले, आणि त्याला आत घेणारा हात घरातलाच असतो हे पहिल्यांदा स्पष्ट दाखवले. शिवाय हे धाडस त्याला साधले ते मोठ्या साधनसामग्रीमुळे नाही. तुटपुंज्या साधनांनी लादलेल्या शिस्तीतून ते आले.

ती साधने किती तुटपुंजी होती हे पाहायला थेम्स नदीच्या काठी, विंडसरजवळच्या ब्रे या गावी जावे लागते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या हॅमरने पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी तिथला ‘डाउन प्लेस’ नावाचा जुना वाडा घेतला आणि त्याचाच स्टुडिओ केला. तो काळ ब्रिटिश चित्रपट व्यवसायाला कठीण होता. १९४६ मध्ये त्या देशात वर्षाला सुमारे १६३ कोटी तिकिटे खपत होती. १९५८ पर्यंत हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. घरोघरी दूरचित्रवाणी संच आले होते आणि १९५५ पासून बीबीसीच्या जोडीला व्यापारी वाहिनीही सुरू झाली होती. लोकांना घराबाहेर काढायचे तर घरातल्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर जे दिसणार नाही ते दाखवणे भाग होते. सेन्सॉरने १९५१ मध्ये सोळा वर्षांखालील प्रेक्षकांना मज्जाव करणारे ‘एक्स’ प्रमाणपत्र सुरू केले होते. इतर निर्माते ते कलंक मानत, हॅमरने त्याची जाहिरात केली. १९५५ मध्ये ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ या नावात तर त्यांनी ते ‘एक्स’ अक्षर मुद्दाम ठळक केले. १९५७ मध्ये रंगीत ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ने पैसा ओढला आणि त्याच चमूकडे ‘ड्रॅक्युला’ आला: पटकथाकार जिमी सँगस्टर, छायालेखक जॅक ॲशर, कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन, संगीतकार जेम्स बर्नार्ड. नटांतले पीटर कुशिंग प्रेक्षकांच्या ओळखीचे होते तेही दूरचित्रवाणीमुळेच; १९५४ च्या डिसेंबरमध्ये बीबीसीने केलेल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मधली त्यांची भूमिका गाजली होती. ख्रिस्तोफर ली मात्र तोवर दुय्यम भूमिकांत अडकलेला, फार उंच म्हणून अनेकदा नाकारला गेलेला नट होता.

या मंडळींच्या हाती आलेली गोष्ट तोवर साठ वर्षे जुनी झाली होती. ब्रॅम स्टोकर यांची कादंबरी १८९७ ची. तिच्यातला काउंट ड्रॅक्युला परक्या, मागास मुलखातून गलबतात बसून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतो. साम्राज्याच्या राजधानीवर बाहेरून आलेले ते संकट आहे. १९२२ मध्ये जर्मनीत दिग्दर्शक मुर्नाऊने परवानगी न घेताच तिच्यावरून ‘नोस्फेराटू’ केला. स्टोकर यांच्या पत्नीने कोर्टात दाद मागितली आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला, तरी काही वाचल्या. त्यातला पिशाच उंदराच्या तोंडाचा, नुसता दिसला तरी माणूस मागे सरकेल असा आहे, आणि तो येतो तोच प्लेग घेऊन. १९३१ च्या अमेरिकन चित्रपटात बेला लुगोसीने त्याला संध्याकाळचा उंची पोशाख आणि अदब दिली, पण त्याच्या हंगेरियन उच्चारातल्या प्रत्येक वाक्यातून तो परका असल्याचे ऐकू येते. या तिन्ही ठिकाणी गृहीत एकच आहे: दुष्ट शक्ती बाहेरची असते, अंगावरच्या खुणांनी ओळखू येते, आणि वेळीच सावध झाले तर तिला वेशीवर अडवता येते.

सँगस्टरने हे गृहीत मोडले, आणि मोडले ते आधी पैशाच्या हिशेबाने. गलबत आणि वादळ दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून समुद्रप्रवासच गेला. वेड्यांचे इस्पितळ आणि त्यातला माश्या खाणारा रेनफिल्ड गेला. लंडन गेले, सगळी कथा मध्य युरोपातल्या, घोडागाडीने गाठता येईल इतक्या अंतरावरच्या दोन-तीन ठिकाणी आली. काउंटचे वटवाघूळ होणे गेले, कारण दोरीवर लोंबणाऱ्या वटवाघळाला प्रेक्षक हसतात. काउंटचा पाठलाग करणाऱ्या व्हॅन हेल्सिंगच्या तोंडी ही गोष्ट खोटी समजूत म्हणून उडवूनच लावली आहे. मग उरलेल्या पात्रांची नाती आवळली गेली. कादंबरीत मैत्रीच्या धाग्याने जोडलेली माणसे इथे एका कुटुंबात आली: आर्थर होमवुड हा घरचा कर्ता, मीना त्याची पत्नी, ल्यूसी त्याची बहीण, आणि जोनाथन हार्कर ल्यूसीचा वाग्दत्त वर. कादंबरीचा नायक असलेला हार्कर इथे काउंटच्या ग्रंथालयाची व्यवस्था लावण्याच्या मिषाने किल्ल्यात जातो, पण मनात काउंटला मारायचा बेत घेऊन. आणि चित्रपट पुरता रंगात येण्याआधीच तो मरतो. काटकसरीने केलेल्या या प्रत्येक छाटणीचा परिणाम एकाच दिशेने होतो. देश, समुद्र, साम्राज्य हे सगळे बाजूला पडून एक घर मधोमध उरते. सूड म्हणून काउंट त्या घराकडे वळतो आणि तिथून पुढे प्रश्न राष्ट्राच्या रक्षणाचा राहत नाही. तो होमवुडांच्या शयनगृहांचा होतो.

घरात शिरणाऱ्या या पाहुण्याचे पहिले दर्शन फिशरने कसे घडवले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. हार्कर किल्ल्यात पोचतो. जिन्याच्या वरच्या टोकाला काळी आकृती उभी राहते, बर्नार्डचा वाद्यवृंद काउंटच्या नावाचीच तीन अक्षरे स्वरांत उच्चारावीत तसा कडाडतो, आणि प्रेक्षक पिशाचाच्या तयारीने बसतो. आकृती झपाझप जिना उतरते, उजेडात येते, आणि समोर उभा राहतो तो देखणा, नेटका, स्वच्छ इंग्रजी बोलणारा यजमान. पाहुण्याचे स्वागत करतो, त्याची बॅग स्वतः उचलून त्याला खोलीपर्यंत पोचवतो. आवाजात परकेपणाचा लवलेश नाही. थोड्या वेळाने हाच माणूस ग्रंथालयाच्या दारात उभा दिसतो तेव्हा डोळे लालबुंद झालेले, सुळे बाहेर आलेले, ओठांवरून रक्त ओघळलेले असते, आणि तो टेबलावरून झेप घेऊन येतो. दोन्ही दर्शनांत अंतर फार नाही, आणि फिशर त्यांपैकी एकालाही खोटे ठरवत नाही. आधीचा सभ्य गृहस्थ हे सोंग आणि नंतरचा राक्षस हे खरे रूप, अशी सोपी विभागणी इथे चालत नाही. दोघे एकच आहेत. घरात घ्यावासा वाटेल असा माणूसच इथे घर उद्ध्वस्त करणारा आहे. सुरुवातीचे ते संभाषण संपल्यावर काउंट झालेला ली जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर मूक आहे. त्याला कुणाची समजूत घालावी लागत नाही, कुणाला फसवावे लागत नाही. जे त्याची वाट पाहतात त्यांच्याशी बोलायची त्याला गरजच उरलेली नाही.

वाट पाहणे हा शब्द मी जपून वापरतो, कारण चित्रपटाचा कणा तिथेच आहे. ल्यूसी आजारी आहे. दादा-वहिनी तिची विचारपूस करून, दिवा कमी करून निघून जातात. दार लागते. मग अंथरुणात निपचित पडलेली ती मुलगी उठते, बागेकडचे काचेचे दार उघडते, गळ्यातला क्रूस काढून ठेवते, पुन्हा पलंगावर जाऊन पडते आणि त्या उघड्या दाराकडे बघत राहते. तिच्यावर कुणी बळजबरी केलेली नाही. दारात येणाऱ्या काउंटपेक्षा तिचे ते थांबणे अधिक अस्वस्थ करते. पुढे मीनाला खोट्या निरोपाने बोलावले जाते आणि ती सकाळी घरी परतते, तेव्हा कोटाची कॉलर वर केलेली आणि ओठांवर एक तृप्त हसू. मेलिसा स्ट्रिब्लिंगच्या त्या हसण्यात सगळा वृत्तांत आहे. भयपटातल्या बळीच्या चेहऱ्यावर तोवर असे समाधान क्वचितच दिसले होते. आणि यानंतरचा प्रसंग तर साऱ्या चित्रपटाचा अर्थ सांगतो. आर्थर आणि व्हॅन हेल्सिंग रात्रभर घराबाहेर पहारा देतात, खिडक्यांवर नजर ठेवतात, आणि काउंट मीनाच्या खोलीत पोचतोच. कारण त्याची शवपेटी आधीपासून त्याच घराच्या तळघरात आहे. मालकिणीने तिकडे फिरकायचे नाही म्हणून बजावले आहे, असे मोलकरीण गेर्डा बोलता बोलता सांगते, तेव्हा कुठे ते उमगते. शत्रू बाहेरून येईल म्हणून अंगणात उभे राहिलेल्या दोन कर्त्या पुरुषांच्या पाठीमागे, त्यांच्याच छपराखाली तो निजलेला असतो.

हे सगळे आजच्या दृष्टीने चित्रपटावर लादलेले वाचन आहे, असा आक्षेप येऊ शकतो. हॅमरला तिकिटे विकायची होती, हे खरे. पण चित्रपटात काय आहे ते सर्वांत आधी ओळखले सेन्सॉरने. प्रदर्शनापूर्वी त्याची कात्री मुख्यतः तीन ठिकाणी चालली: ल्यूसीच्या छातीत खुंटी ठोकली जाते तिथे, काउंटचा देह उन्हात झडतो त्या शेवटच्या दृश्यात, आणि काउंट मीनाच्या शय्येजवळ येतो तिथे. पहिली दोन कारणे हिंसेची म्हणता येतील. तिसऱ्या दृश्यात रक्ताचा थेंबही मोठा नाही. तिथे आहे काउंटचा चेहरा मीनाच्या चेहऱ्याजवळ येणे आणि तिने तोंड न फिरवणे. पूर्वेकडच्या देशांत पाठवलेल्या प्रती कमी कापलेल्या आहेत, अशी वदंता चाहत्यांत कित्येक वर्षे होती. २०११ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात, आगीतून बचावलेल्या शेवटच्या काही रिळांत ती दृश्ये खरोखर मिळाली. देह झडण्याचे दृश्य तर त्यात होतेच, पण मीनाच्या खोलीतले ते क्षणही होते. हिंसेइतकीच स्त्रीच्या चेहऱ्यावरची संमती कापण्याजोगी वाटली, हा पुरावा १९५८ चाच आहे आणि तो विरोधकांच्या हातचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक साधा: हा सगळा रंगाचा महिमा. इंग्रजी पडद्यावर ड्रॅक्युला प्रथमच रंगीत दिसला, लालभडक रक्त दिसले, लीचे सुळे दिसले; नवलाई होती, लोक गेले. गर्दीचे कारण म्हणून मला हे मान्य आहे, टिकण्याचे म्हणून नाही. नवलाई दुसऱ्या कुणी जास्त रक्त सांडले की संपते, आणि ते पुढच्या दहा वर्षांत अनेक चित्रपटांनी सांडले. शिवाय ॲशरच्या कॅमेऱ्यात लाल रंग मोजूनमापून आला आहे. नामावली संपता संपता कोरीव नाव असलेल्या शवपेटीवर रक्ताचे थेंब पडतात, आणि मग बराच वेळ पडद्यावर निळ्या-करड्या छटा, लाकडाचा तपकिरी उबदारपणा आणि मेणबत्त्यांचा पिवळा उजेड असतो. रॉबिन्सनचे सेटही याच विचाराचे. ब्रेच्या आखूड जागेत त्याने एकच सांगाडा फिरवून फिरवून वापरला. ‘ड्रॅक्युला’चे चित्रीकरण संपताच तेच सेट नव्या रूपात ‘द रिव्हेंज ऑफ फ्रँकेन्स्टाइन’साठी उभे राहिले. किल्ला म्हटल्यावर जाळी-जळमटे, कोसळलेल्या भिंती अपेक्षित होत्या. त्याने केले ते लखलखीत फरशीचे, पुस्तकांनी भरलेले, शेगडी पेटलेले घर. काउंटचे घर आणि होमवुडांचे घर यांत प्रेक्षकाला फार फरक वाटू नये, हा परिणाम जागेच्या टंचाईतून आला असला तरी कथेच्या नेमका उपयोगी पडला. लीच्या व्यक्तिमत्त्वाने सारे तरले, हेही पुरेसे उत्तर नाही. तो पडद्यावर मोजकी मिनिटेच असतो. उरलेला सारा वेळ आपण त्याच्या येण्याने एका कुटुंबाचे काय होते ते पाहतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मोहाला बळी पडलेल्या स्त्रीला इथे शिक्षा होते, तीही पुरुषांच्या हातून. ल्यूसीच्या छातीत खुंटी ठोकली जाते आणि ती ‘शुद्ध’ होते. मग हा चित्रपट जुन्याच नैतिकतेचा पहारेकरी नाही का? शेवट पुरुषी व्यवस्था पुन्हा बसवणारा आहे, हे नाकारता येत नाही, आणि नाकारूही नये. पण चित्रपट शेवटापुरता नसतो. जी व्यवस्था शेवटी वाचते तिचे चित्र फिशरने कसे काढले आहे? मायकेल गॉफचा आर्थर ताठर, संशयी आणि घरात काय चालले आहे याचा गंध नसलेला नवरा आहे. बायकोच्या हातावर तो क्रूस ठेवतो, तिचा तळवा भाजतो, आणि तेव्हा त्याला कळते की आपण एका छपराखाली राहून किती दूर होतो. पन्नाशीच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये युद्धानंतरचे घर, शांत संसार, समाधानी गृहिणी हे आदर्श मासिकांतून आणि जाहिरातींतून अहोरात्र मांडले जात होते. त्या आदर्शाच्या तळघरात काहीतरी निजले आहे, आणि घरची बाई त्या जागेची किल्ली सांभाळून आहे, हे सांगणारा चित्रपट तिला दोषी ठरवतो तेव्हाच तिची कोंडीही उघडी करतो. ल्यूसी आणि मीना यांना काहीतरी हवे होते, एवढे जरी मान्य झाले तरी घराचे ते गोड चित्र पहिल्यासारखे राहत नाही.

मोहाची बाजू इतकी बळकट असताना चित्रपट एकांगी झाला नाही, याचे श्रेय कुशिंगच्या व्हॅन हेल्सिंगला द्यायला हवे. आधीच्या रूपांत हे पात्र विक्षिप्त म्हाताऱ्याचे होते. कुशिंगने त्याला चपळ, काटेकोर, कामात बुडालेला माणूस केले: फोनोग्राफच्या नळकांड्यांवर टिपणे नोंदवणारा, पुराव्याशिवाय न बोलणारा. पण त्याची माया एका छोट्या कृतीत दिसते. रात्री स्मशानात भेदरलेल्या लहानग्या तान्याला तो स्वतःचा फरचा कोट गुंडाळतो, तिच्याशी हलक्या आवाजात दोन शब्द बोलतो, आणि मग पुन्हा आपल्या भयंकर कामाकडे वळतो. शेवटच्या झटापटीत तो लांबलचक टेबलावरून धावत जाऊन पडद्यावर झेप घेतो, सकाळचे ऊन आत येते, आणि दोन मेणबत्तीदाण्या आडव्या धरून त्यांच्या क्रूसाने तो काउंटला त्या उन्हात रेटतो. ही कल्पना कुशिंगनेच सुचवली होती. खिशातून आयता क्रूस निघण्यापेक्षा हाताशी आहे त्या वस्तूने लढणे त्याला पात्राला शोभणारे वाटले. आकर्षणाला तोड म्हणून इथे शिकवण येत नाही; तेवढ्याच तोडीचे शहाणपण आणि मेहनत येते. म्हणून दोन्ही पारडी खरी वाटतात.

या युक्तिवादाची उलट तपासणी हॅमरने स्वतःच करून ठेवली आहे. त्यांनी पुढे सोळा वर्षे ही मालिका चालवली. १९६६ च्या ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’मध्ये लीला एकही संवाद नाही, १९७२ मध्ये काउंट आधुनिक लंडनच्या चेल्सी भागात आला, त्यापुढच्या ‘द सॅटॅनिक राइट्स ऑफ ड्रॅक्युला’मध्ये तो उद्योगपतीच्या रूपात साऱ्या मानवजातीचा रोगाने संहार करायला निघाला. नट तोच, सुळे तेच, रक्त अधिक. पण घर मागे पडले, वाट पाहणारे कुणी उरले नाही, आणि दुष्टावा पुन्हा बाहेरून येणारे संकट झाला. हे चित्रपट आज प्रामुख्याने चाहते पाहतात. उलट ज्यांनी १९५८ च्या चित्रपटाचे मर्म उचलले त्यांची कामे परक्या मातीतही रुजली. लाहोरला १९६७ मध्ये झालेला ‘जिंदा लाश’ त्याच्या घटनाक्रमामागे जवळजवळ पावलावर पाऊल टाकत जातो. मुंबईच्या रामसे बंधूंनी १९९० मध्ये ‘बंद दरवाजा’ केला. त्यातल्या नेओला या पिशाचाकडे मूल नसलेली ठाकुराची बायको आपल्या पायाने जाते, कारण मूल झाले नाही तर घरातले तिचे स्थान जाणार असते. सेट, पेहराव, गाणी सगळे निराळे, पण दुष्ट शक्तीला घरात आणते ती घरातलीच कोंडी. स्टोकर यांच्या कादंबरीत ही ओळ इतकी ठळक नाही, फिशरच्या चित्रपटात आहे.

ब्रिटिश टीकाकारांना हे उमगायला पंधरा वर्षे लागली. १९७३ मध्ये डेव्हिड पिरी यांनी ‘अ हेरिटेज ऑफ हॉरर’ या पुस्तकात हॅमरच्या चित्रपटांना इंग्रजी गॉथिक साहित्याच्या परंपरेत मानाने बसवले, आणि त्यानंतर फिशरकडे गंभीरपणे पाहणे सुरू झाले. त्या पुनर्मूल्यांकनात एक धडा आहे, आणि तो भयपट करणाऱ्या कुणालाही आज तितकाच लागू आहे. प्रेक्षकाला दचकवणे हे तंत्राचे काम आहे आणि तंत्र दर दहा वर्षांनी जुने होते. माणूस स्वतःचा नाश करणारी गोष्ट उघड्या डोळ्यांनी जवळ का करतो, हा प्रश्न जुना होत नाही. ब्रेच्या वाड्यातल्या त्या मंडळींना गलबत परवडले नाही, वटवाघूळ जमले नाही, लंडन उभारता आले नाही. जे उरले त्यात त्यांनी हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आणि त्याचे सोपे उत्तर दिले नाही. म्हणूनच ‘ड्रॅक्युला’ अजून पाहण्याजोगा आहे.